डोंगराकडे वळलेलं चाक

अब्बा त्या गाड्यांना पैलवान म्हणायचे. लांब नाक, दोनच दारं, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद आणि सुरू केल्यावर छातीत घुमणारा आवाज. इंग्रजी सिनेमात अशी गाडी आली की त्यांचा ताटातला हात थांबायचा. "आला बग पैलवान," म्हणायचे. 'मसल कार' हा शब्द मी त्यांना सांगितला तेव्हा हसले. "मग मी काय वेगळं म्हणतो?"

अब्बा मस्कतमध्ये रिकव्हरी चालवायचे. बंद पडलेल्या, आपटलेल्या, वाळूत रुतलेल्या गाड्या उचलून आणणाऱ्या ट्रकला इथे सगळे रिकव्हरीच म्हणतात. रत्नागिरीच्या खाडीकाठचं आमचं गाव. तिथून तरुणपणी येऊन ते एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, गॅरेजवर लागले आणि त्याच ट्रकवर त्यांचे केस पांढरे झाले. आम्ही मस्कतच्या माबेला भागात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. मी इथेच वाढले, इथेच शिकले. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे तेव्हा रुसैलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नुकतीच कामाला लागले होते.

शुक्रवारी जुम्याची नमाज, मग मच्छीचं जेवण आणि मग सिनेमा, असा आमचा दोघांचा नेम होता. अम्मा आतल्या खोलीत पडायची. तिला त्या आवाजाने डोकं दुखायचं. मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे आणि आम्ही जुने अमेरिकन सिनेमे लावायचो. चढउतारांच्या शहरात चारही चाकांनी उडी मारणारी हिरवी गाडी. बॉनेट फाडून इंजिन वर आलेली काळी गाडी. ओसाड रस्त्यावर धुळीचा लोट उठवत एकटीच पळणारी पांढरी. गोष्ट काय आहे, कोण कुणाच्या मागे लागलंय, याच्याशी अब्बांना देणंघेणं नसायचं. ते गाडी बघायचे, तीही कामाच्या नजरेने.

"थांबव. मागे घे. अजून मागे."

मी मागे घ्यायचे.

"बग, डाव्या दाराला पोचा हाय. आता पुढे जाऊ दे. कुठे गेला पोचा?"

खरंच दार गुळगुळीत असायचं.

"ही ती गाडी नाय. सिनेमावाल्यांकडे एकासारख्या एक चार-पाच असतात. एक पळवायला, एक आपटायला, एक नटाला आत बसवून फोटो काढायला." आणि मग प्रत्येक वेळी तोच प्रश्न, गंभीरपणे विचारलेला: "आपटलेली उचलून कोन नेतो, ता कधी दाखवत नाय."

त्यांनी स्वतः असे बरेच पैलवान उचलले होते. ओमानी पोरांना या गाड्यांचं भारी वेड. कुणी नवी घेतं, कुणी अमेरिकेतून जुनी मागवून वर्षभर गॅरेजात दुरुस्त करत बसतं आणि सिनेमातल्यासारखे पट्टे मारून घेतं. नाक इतकं खाली असतं की ट्रकच्या उतरत्या फळीला घासतं. म्हणून अब्बा लाकडाचे दोन ओंडके कायम जवळ ठेवायचे. ओंडक्यांवर चाकं चढवून, दोर हळूहळू ओढत, गाडीला ओरखडा न येऊ देता वर घ्यायचे. मालक बाजूला उभा राहून रडकुंडीला आलेला असायचा. अब्बा त्याला म्हणायचे, "खलास, खलास. आली वर."

हिवाळ्यातल्या एका दुपारी रुस्ताकहून किनाऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एक पिकअप बंद पडला होता. मागे बकऱ्या होत्या. मालक म्हातारा होता, तो रस्त्यापलीकडे सावलीत जाऊन बसला. अब्बांनी ट्रक पिकअपच्या पुढे लावला, मागे रस्त्यावर धोक्याचे केशरी कोन मांडले आणि पिकअपच्या मागच्या चाकाशी उभे राहून पट्टा आवळत होते. त्यांच्या एका बाजूला कापलेला डोंगर होता, दुसऱ्या बाजूला मोकळा रस्ता. तेवढ्यात वळणावरून एक काळी गाडी आली. बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. तिच्या पुढे दुसरी गाडी धावत होती आणि त्या गाडीच्या मागच्या खिडकीतून एक पोरगा फोनवर चित्रीकरण करत होता. सिनेमातल्या पाठलागासारखी क्लिप बनवायची होती त्यांना. वळणावर काळ्या गाडीचं मागचं अंग सरकलं, गाडी रस्ता सोडून बाजूला आली, डोंगराला आपटली आणि तिथून फिरून पिकअपवर आदळली. मध्ये अब्बांचा पाय होता.

मला ऑफिसात फोन आला तो अर्बाबचा. तो एरवी घाईने बोलणारा माणूस. त्या दिवशी एकेक शब्द सुटा बोलला. मी आणि अम्मा इस्पितळात पोचलो तेव्हा अब्बांना आत नेलेलं होतं. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी अम्माकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ सुकलेले होते. मी पाणी लावलं. ते म्हणाले, "पिकअपवाला म्हातारा?"

"बरा आहे. त्याला काही झालं नाही."

"बकऱ्या?"

अम्मा तोंडावर ओढणी घेऊन बाहेर निघून गेली.

गाडी चालवणारा पोरगा त्याच इस्पितळात खालच्या मजल्यावर होता. तेवीस वर्षांचा, रुस्ताकचा. गळ्याजवळचं हाड आणि जबडा मोडलेला, दाराशी पोलीस. हे मला एका मल्याळी नर्सने सांगितलं. जिन्यावरून जाताना त्या मजल्यावर माझे पाय थांबायचे. आत जाऊन त्याचं तोंड बघावं असं वाटायचं, पण बघून काय करायचं ते सुचायचं नाही. मी कधी गेले नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कामावर परत गेले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या स्टोअरमधला एक जण फोन घेऊन टेबलापाशी आला. नवीन होता, माझ्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं. "मॅडम, ये देखो, रुस्ताक रोड का," म्हणाला. ती तीच क्लिप होती. कुणीतरी तिच्यावर संगीत चढवलं होतं, ढोल आणि गिटार, सिनेमात पाठलागाला असतं तसं. वळण, काळी गाडी, धूळ. आणि चित्राच्या कोपऱ्यात केशरी जॅकेट घातलेला, पाठमोरा, वाकलेला एक माणूस. त्या माणसाचं तोंड कुठेच दिसत नव्हतं. मला पाठीवरून कळलं.

"हा माझा बाप आहे," मी मराठीतच म्हणाले. त्याला शब्द कळले नसतील, पण त्याने फोन उलटा टेबलावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग मी त्याच्याकडून ती क्लिप मागून घेतली. का घेतली ते आजही सांगता येणार नाही.

अब्बांना घरी आणल्यानंतरच्या आठवड्यात त्या पोराचा मामा आला. साठीचा ओमानी माणूस, अंगात पायघोळ पांढरी दिश्दाशा, हातात खजुराचा डबा. तरुणपणी मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे हिंदी चांगलं बोलायचा. बरोबर पोराची आई होती, ती अम्माबरोबर आत बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मामा बराच वेळ अब्बांच्या तब्येतीचं, गावचं विचारत राहिला. मग म्हणाला, "भाई, मी त्याची बाजू घ्यायला आलेलो नाही. त्याने चूक केली, शिक्षा कोर्ट देईल. पण तुम्ही तुमच्याकडून माफीचं लिहून दिलंत तर कोर्ट ते बघतं. त्याला बाप नाही. म्हणून मी आलो."

अब्बांच्या आधी मीच बोलले. मी दाराशी उभी होते आणि एवढे दिवस साठवलेलं सगळं माझ्या तोंडून हिंदीत बाहेर पडलं. "त्याला बाप नाही म्हणून माझ्या बापाचा पाय घ्यायचा? सिनेमा करत होते ते. माझे अब्बा तिथे काम करत होते."

मामाने मान खाली घातली. "खरं आहे, बेटी," म्हणाला. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

अब्बा म्हणाले, "इन्शाल्ला, विचार करतो." पाहुणे गेले. खजुराचा डबा अम्माने उघडला नाही.

त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर अब्बांनी मला हाक मारली. "बाय, ती क्लिप हाय ना तुझ्याकडे?"

मला वाटत होतं त्यांना माहीत नाही. मी नाही म्हणणार होते, पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

"लाव. टीव्हीवर लाव. आवाज बंद कर."

अम्मा बाहेर आली. "काय करताय? तिला काय दाखवायला लावताय?" तिचा आवाज चढला. अब्बा म्हणाले, "मला बगायचं हाय. तू आत जा." ती गेली नाही. भिंतीला टेकून, टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली.

मी क्लिप लावली. ते पुढे झुकून बघत होते. एकदा पूर्ण बघितली, पापणी न हलवता. मग म्हणाले, "मागे घे."

मी मागे घेतलं.

"अजून. हां. आता हळू सोड. थांबव!"

पडद्यावर काळी गाडी तिरकी झालेली होती, केशरी जॅकेट तिच्या नाकासमोर. अब्बांनी काठीच्या टोकाने दाखवलं.

"पुढचं चाक बग."

"काय?"

"डोंगराकडे वळलेलं हाय. मागची बाजू सरकल्यावर गाडी सरळ माझ्यावर येत होती. सरळ आला असता तर पिकअपला चिकटून संपलो असतो. ह्याने चाक डोंगराकडे मारलं. आदी तिकडे आपटला, मग माझ्याकडे आला." ते मागे टेकले. "पोराने स्वतःला डोंगरावर घातला."

मी त्या चाकाकडे बघत राहिले. वळलेलं होतं खरं. पण धूळ होती, चित्र फाटल्यासारखं झालं होतं, आणि मी रडत होते.

"मुळात तो तिथे तसा आलाच कशाला?" अम्मा भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"ता बरोबर हाय," अब्बा म्हणाले. "ता माझ्या लक्षात हाय."

चार दिवसांनी अर्बाबच्या गाडीतून जाऊन ते माफीच्या कागदावर सही करून आले. मी बरोबर जायला नकार दिला. अम्मा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, फक्त औषधं हातात द्यायची. तिसऱ्या दिवशी तिने पायाची पट्टी बदलताना विचारलं, "दुखतंय का?" आणि तिथून घर पुन्हा चालू झालं.

पोराला थोडी शिक्षा झालीच. सुटल्यावर तो घरी यायला लागला. पहिल्यांदा मामाबरोबर आला. जबड्यामुळे त्याचं बोलणं अजून अडखळत होतं. अब्बांच्या समोर बसला आणि डोळे पुसत राहिला. अब्बा त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "खलास, खलास." त्यानंतर एकटाच यायचा. अब्बांना चाचा म्हणायचा. जड सामान वर आणून द्यायचा, कधी नुसताच बसायचा. मी दार उघडायचे आणि आत निघून जायचे. त्याच्या सलामाला मी जवळपास वर्षभर उत्तर दिलं नाही. त्यानेही सलाम करणं सोडलं नाही.

सिनेमे मात्र बंद झाले. एकदा मी सहज विचारलं, "लावू का?" अब्बा म्हणाले, "नको. आता मला नुसता रस्त्याच्या कडेला कोन मानूस उबा हाय ताच दिसतो." आणि खरंच, त्या सिनेमांत फळांच्या गाड्या उडतात, टेबलं उडतात, माणसं बाजूला उड्या टाकतात. त्या माणसांचं पुढे काय झालं, हे आम्ही इतक्या शुक्रवारांत कधी विचारलं नव्हतं.

कृत्रिम पाय बसवायचं ठरलं तेव्हा इस्पितळात बऱ्याच वेळा जावं लागणार होतं. अशाच एका दिवशी अर्बाबची गाडी दुसरीकडे अडकली आणि अब्बांनी मला न विचारता त्या पोराला बोलावून घेतलं. तो मामाची साधी चार दारांची गाडी घेऊन आला. जाताना अब्बा पुढे बसले, मी मागे. परत यायच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना थांबवून घेतलं आणि त्यांची काही कागदपत्रं घरी राहिली होती. ती आणायला मला त्याच्याबरोबर जावं लागलं. तेव्हाही मी मागच्या सीटवरच बसले.

तो अगदी कडेच्या पट्ट्यातून, सगळे पुढे निघून जातील इतक्या सावकाश गाडी चालवत होता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मग मीच इंग्रजीत विचारलं, "तुला ते दिसले होते?"

आरशात त्याचे डोळे क्षणभर वर आले आणि परत रस्त्यावर गेले.

"केशरी काहीतरी दिसलं. मला वाटलं रस्त्यावर ठेवतात तो कोन आहे."

खिडकीबाहेर सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक जात होता. तो पूर्ण पुढे जाईपर्यंत मी थांबले.

"आणि मग चाक वळवलंस."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "चाचा सगळ्यांना सांगतात की मी वळवलं. मामाला सांगितलं, पोलिसांना सांगितलं. माझ्या आईला वाटतं मी काहीतरी चांगलं केलं. मला नाही आठवत. मी खूप प्रयत्न केला आठवायचा. धूळ आठवते, मित्राचं ओरडणं आठवतं. हात आठवत नाहीत." सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच होता. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा गाडी हलली. "चाचांना सांगू का?"

"नको," मी म्हणाले. त्याच्याशी माझं बोलणं तिथून सुरू झालं असं म्हणावं लागेल.

त्यानंतर मी ती क्लिप परत बघितली. एकटीने, ऑफिसात, दुपारी. कितीतरी वेळा मागेपुढे केली. चाक डोंगराकडे वळलेलं आहे. पण रस्त्याच्या कडेला तिथे दगड आहेत, आणि दगडावर चढलेलं चाकही असंच वळतं. माणसाने वळवलेलं चाक आणि दगडाने वळवलेलं चाक यांत चित्रात काही फरक दिसत नाही.

कित्येक महिने मी हे मनात ठेवलं. शेवटी मला ते पेलेना. अब्बा तेव्हा गॅरेजवर बसून फोन घ्यायचं काम करू लागले होते. कुठे गाडी बंद पडली, कुठला ट्रक पाठवायचा, हे अर्बाबने त्यांच्याकडे दिलं होतं. एका संध्याकाळी त्यांना आणायला गेले. ते खुर्चीत बसून कृत्रिम पायाचा पट्टा सैल करत होते. मी त्यांना सांगितलं. पोराला काही आठवत नाही, आणि मला वाटतं, कदाचित दगडामुळे वळलं असेल.

त्यांनी पट्टा पूर्ण सोडला, कापलेल्या पायावरचा मोजा नीट केला.

"असेल," म्हणाले.

"मग?"

"बाय, चाळीस वर्सं आपटलेल्या गाड्या उचलल्या. दगडावर चढलेलं चाक मला कळत नाय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "सही करताना तो विचार माझ्या मनात नव्हता, असं वाटतं तुला?"

मी खाली बसून त्यांचा पट्टा पुन्हा बांधायला घेतला.

"तिथे दोन गोष्टी होत्या. दोन्ही तेवढ्याच खऱ्या दिसत होत्या. एक धरली तर मला त्या पोराचं तोंड बगता येणार होतं. दुसरी धरली असती तर आयुष्यभर नुसता तो दगड बगत बसलो असतो." पट्टा बांधून झाल्यावर ते खुर्चीचे हात धरून उठले. "तू तुझं बग. तू माझ्यासारखंच बगितलं पायजे असं नाय."

मी अजून माझं बघते आहे. तो येतो तेव्हा मी सलामाला उत्तर देते, चहा देते, त्याच्या नोकरीची चौकशी करते. आता तो रुस्ताकच्या एका दुकानात हिशेबाला बसतो. तरी कधी कधी त्याला आमच्या सोफ्यावर आरामात टेकून बसलेला बघितलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. अम्मा तिथे असते. ती विचारत नाही, मी सांगत नाही. आम्ही दोघी थोडा वेळ ओट्याशी उभ्या राहतो आणि मग ताटं घेऊन बाहेर जातो.